बाळाची जेवणाची खुर्ची निवडताना: नाशिकच्या नव्या आईबाबांसाठी

उष्टावण जवळ आलं की घरात चांदीच्या वाटी-चमच्याची चर्चा सुरू होते. सराफ बाजारात एक फेरी होते, मामाला रजा कधी मिळते ते विचारलं जातं, मुलगा असेल तर सम महिना आणि मुलगी असेल तर विषम, हा हिशेब आजी बोटांवर मांडते. दुसऱ्या दिवसापासून मात्र हेच बाळ रोज दोन-तीनदा जेवणार असतं. ते कुठे बसून, कशाला टेकून, पाय कशावर ठेवून जेवणार, हे कोणी ठरवलेलं नसतं. आमच्याकडेही ठरलं नव्हतं. मोठ्या मुलाच्या वेळी आम्ही दुकानातली सगळ्यांत भारी दिसणारी खुर्ची उचलली आणि पुढचे दोन महिने "हा जेवायला बसतच नाही" म्हणून कुरकुरत राहिलो. खुर्चीत त्याचे पाय लोंबकळत होते, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. धाकटीच्या वेळी आम्ही आधी बाळ पाहिलं, मग घर पाहिलं आणि सगळ्यात शेवटी दुकानाची पायरी चढलो. तुम्हीही याच क्रमाने जा.

पहिली पायरी: बाळ बसायला तयार आहे का?

सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. आपल्या बोलण्यातला एक घोळ इथे नडतो. 'सहावा लागला' म्हणजे पाचच महिने झालेले असतात. मुलीसाठी विषम महिना सांभाळायचा असेल तर पाचव्याऐवजी सातवा धरा, सहा महिनेही पूर्ण होतात आणि आजीचा हिशेबही मोडत नाही. मुलासाठी 'सहावा पुरा झाला' तो दिवस धरायला घरातली मोठी माणसं सहसा तयार होतात. आणि पहिल्या घासाला कोणी कौतुकाने मधाचं बोट पुढे केलं तर हात जोडून थांबवा, वर्षाच्या आत मध नको. त्यात क्वचित असणारे जंतू बाळाच्या कोवळ्या आतड्यांना झेपत नाहीत आणि त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तारखेपेक्षा अंगाची तयारी जास्त महत्त्वाची. मान पक्की धरलेली असावी. थोड्याशा आधाराने बाळ सरळ बसावं, वस्तू हातात घेऊन तोंडाकडे न्यावी, आणि चमचा ओठांना लागल्यावर जिभेने घास बाहेर लोटणं कमी झालेलं असावं. खुर्ची बाळाला बसायला शिकवत नाही. बसायला येऊ लागलेल्या बाळाला ती नीट धरून ठेवते, एवढंच तिचं काम. जे बाळ अजून एका बाजूला कलंडतं त्याला पट्ट्यांनी बांधून बसवलं तर त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते, घास गिळायला लक्ष उरत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे महिने वेगळे मोजतात, म्हणून तिथे डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

आपल्या आज्यांनी पाय लांब करून, बाळाला पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, भरवलं आहे. त्यामागची माया खरी होती. पण आडव्या बाळाच्या घशात पातळ अन्न आपोआप ओघळतं आणि ते श्वासनलिकेत जायची भीती असते, शिवाय बोंडल्याची चोच आतून नीट साफ होत नाही. पाळण्यात, झोळीत किंवा मागे झुकवलेल्या खुर्चीत भरवणंही त्याच कारणाने टाळायचं. खुर्ची मागे झुकते, हे गुण म्हणून सांगितलं जातं. ती सोय बाळाला टेकवून ठेवण्यापुरती आहे. घास देताना पाठ उभीच हवी.

दुसरी पायरी: तुमचं घर जेवतं कुठे?

दुकानदार हा प्रश्न कधीच विचारत नाही, आणि खुर्ची खरं तर यावरच ठरते. बाळ बघून बघून जेवायला शिकतं. आई भाकरी कशी मोडते, आबा वरणभात कसा कालवतात, हे त्याला समोर दिसायला हवं. म्हणून घर जिथे आणि ज्या उंचीवर जेवतं, तिथेच बाळ जेवलं पाहिजे. जिथे सगळे खाली मांडी घालून बसतात तिथे बाळाला तीन फुटांवर चढवून बसवलं तर भरवणाऱ्याला उभं राहावं लागतं, बाळाला वरून फक्त डोकी दिसतात आणि आठवड्याभरात त्या खुर्चीवर वाळलेले कपडे पडायला लागतात.

माझं माहेर पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आहे. तिथे आजही पंगत जमिनीवरच बसते. धाकटीला तिथे आम्ही ट्रे आणि पट्टे असलेली बुटकी सीट वापरतो, चटईवर, पाठ भिंतीकडे करून. अशा घरांसाठी बुटकी सीट उत्तम आणि स्वस्तही. एक धोका मात्र पक्का लक्षात ठेवा: जमिनीवरची सीट जमिनीवरच राहिली पाहिजे. "जरा ओट्यावर ठेवते, पोळ्या होईपर्यंत" हे कधीच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बंबो कंपनीची फोमची सीट जगभर खपली, आणि उंचावर ठेवलेल्या सीटमधून मुलं पडल्याच्या तक्रारी आल्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे ४० लाख सीट्ससाठी पट्टा बसवून घेण्याचं आवाहन करावं लागलं. बाळ पाठ ताणून मागे रेलतं आणि अशा सीटमधून बाहेर निसटतं. जमिनीवर त्याने फारसं बिघडत नाही, ओट्यावरून डोक्याला मार बसतो.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांतल्या नव्या फ्लॅटमध्ये बहुतेकांकडे डायनिंग टेबल असतं. तिथे तीन पर्याय उरतात. पहिला उंच हाय चेअरचा. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी ही खुर्ची सगळ्यांत सोपी आणि नव्या पालकांना मी हीच सुचवेन, मात्र तिचे पाय बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात आणि दोन खोल्यांच्या घरात ते सतत पायात येतात. दुकानात जाण्याआधी घरी जमिनीवर खडूने चौकोन आखा, साधारण दोन बाय अडीच फुटांचा, आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चालून बघा.

दुसरा पर्याय बूस्टरचा, म्हणजे मोठ्या माणसांच्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधायची सीट. जागा अजिबात खात नाही, गावाला नेता येते. पण ती ज्या खुर्चीवर बांधाल ती खुर्ची भक्कम हवी. एकात एक रचून ठेवायच्या हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या यासाठी चालत नाहीत, त्यांची बैठक वाकते आणि पाय फाकतात. बूस्टरला दोन पट्टे असतात, एक पाठीमागून आणि एक बैठकीखालून. अनेक घरांत फक्त मागचा बांधलेला मी पाहिला आहे. खालचा नसेल तर बाळासकट सीट पुढे घसरते.

तिसरा पर्याय टेबलाच्या कडेला चिमट्यासारख्या अडकवायच्या सीटचा. दिसायला सुबक, पण आपल्याकडे मी तो कमीच सुचवते, कारण आपल्या घरांत काचेचा टॉप असलेली टेबलं फार आहेत आणि काचेवर ही सीट लावायचीच नसते. मधोमध एकच खांब असलेलं गोल टेबल, टेबलक्लॉथ घातलेलं टेबल, खाली पट्टी असल्याने चिमटा पूर्ण आत न जाणारं टेबल, या सगळ्यांवर ती धोक्याची.

वॉकरबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण नाशिकमध्ये कितीतरी घरांत बाळ वॉकरमध्ये फिरतं आणि आई मागे वाटी घेऊन धावते. चालत्या बाळाच्या तोंडात घास असणं हेच मुळात धोक्याचं, आणि वॉकरमधलं बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम चहापर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ साली वॉकर विकण्यावरच बंदी घातली. जेवणासाठी तरी तो वापरू नका, आणि भेट म्हणून येणार असेल तर त्याऐवजी खुर्ची मागून घ्या.

तिसरी पायरी: पाय टेकतात का?

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचा.

तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून थाळी जेवून बघा. पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते, मांड्यांना रग लागते, कंबर पुढे सरकते. बाळाचं तेच होतं, फक्त त्याला सांगता येत नाही. पाय टेकले की कंबर स्थिर राहते, कंबर स्थिर असली की पाठ आणि मान स्थिर राहते, आणि मान स्थिर असली की जबडा आणि जीभ मोकळेपणाने काम करतात. चावणं, गिळणं, ठसका लागला तर घास पुढे काढणं, ही सगळी कामं या बैठकीवर उभी आहेत. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मोठ्याला तपासताना भूक, वजन, औषध यांतलं काही न विचारता आधी विचारलं, "जेवताना पाय कुठे असतात त्याचे?" घरी येऊन आम्ही खुर्चीच्या पायांना जाड पुठ्ठ्याचं खोकं बांधलं. तो त्या दिवशी वीस मिनिटं बसला.

बैठक जुळली की नाही हे ओळखायची साधी खूण म्हणजे तीन काटकोन. कंबरेत एक, गुडघ्यात एक, घोट्यात एक. बैठकीची खोली इतकीच हवी की पाठ मागे टेकलेली असताना गुडघ्याची लवण बैठकीच्या कडेशी यावी. बैठक खोल असेल तर बाळ टेकण्यासाठी घसरतं आणि अर्धवट झोपल्यासारखं बसतं, तिथे पाठीशी टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. बाजूंना जागा उरत असेल तर तिथेही तशाच दोन गुंडाळ्या. ट्रेची उंची बाळाच्या कोपराच्या पातळीला असावी. ट्रे छातीपर्यंत आला तर हात वर उचलून जेवावं लागतं आणि खांदे दुखतात.

म्हणून फूटरेस्ट आहे का, एवढंच विचारून थांबू नका. तो वरखाली होतो का ते विचारा. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्यांचा फूटरेस्ट एकाच जागी ठोकलेला असतो, आणि तो दोन वर्षांच्या मुलाच्या मापाचा असतो. पाय वाढतील तसा फूटरेस्ट उतरला पाहिजे. या विचारावरच बनलेली जगातली प्रसिद्ध खुर्ची म्हणजे ट्रिप ट्रॅप. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये ती आखली, कारण त्यांचा लहान मुलगा घरच्या टेबलाशी नीट बसू शकत नव्हता. तिची बैठक आणि पायाखालची फळी दोन्ही खाचांमधून वर-खाली सरकतात. ती आपल्याकडे फार महाग पडते, पण तिचं तत्त्व आपल्या सुताराकडून करून घेता येतं. मुंबईकडून येताना अनेक जण तुर्भ्याच्या आयकियातून अँटिलॉप नावाची हाय चेअर आणतात. ती हलकी, स्वस्त, पुसायला सोपी, पण तिला फूटरेस्ट येत नाही. अशा खुर्चीला आडवी फळी बसवून घ्यायला ओळखीच्या सुताराचा अर्धा तास लागतो. बाळाला बसवून लवणीपासून टाचेपर्यंत माप घ्या आणि फळी खाली सरकवायला जागा ठेवा. रंग लावू नका, घासून गुळगुळीत केलेली फळी पुरे.

चौथी पायरी: पट्टे, तोल आणि बोटं

ट्रे लावला म्हणजे बाळ अडकलं, असं वाटतं. तसं नसतं. ट्रे अन्न ठेवायला असतो, बाळाला धरतात ते पट्टे. तीन टोकांचा पट्टा कंबर आणि दोन मांड्यांच्या मधून जातो, पाच टोकांचा खांद्यांवरूनही येतो. वर्षाच्या आसपास मुलं खुर्चीत उभी राहायला शिकतात, आणि खांद्याचे पट्टे तेव्हा कामी येतात. म्हणून पाच टोकांचाच घ्या. दोन मांड्यांच्या मधे पट्टा किंवा खुंटी असणं तर अगदी अनिवार्य आहे. ती नसेल तर बाळ ट्रेखालून खाली घसरतं, पाय आणि धड निघून जातं आणि मान अडकते. हा अपघात आवाज न होता घडतो.

बकल मोठ्या माणसाला एका हाताने, न बघता उघडता यायला हवं. दुकानात डोळे मिटून उघडून बघा. घास अडकला तर बाळाला दोन सेकंदांत बाहेर काढायचं असतं, तेव्हा बोटं थरथरत असतात.

तोल तपासायला खुर्ची रिकामी असताना पाठीला धरून किंचित मागे ओढा, मग बाजूला. पाय रुंद पसरलेले असतील तर ती जागची हलत नाही. चाकं असतील तर सगळ्या चाकांना लॉक हवेत. मी स्वतः चाकांची खुर्ची घेणार नाही. वाड्यातल्या शहाबादी फरशीवर ती खडखडते, एक पाय कायम हवेत राहतो, आणि नव्या गुळगुळीत टाइल्सवर लॉक लावूनही सरकते.

मोठा दहा महिन्यांचा असताना त्याची खुर्ची आम्ही टेबलाला चिकटवून ठेवायचो. एका रात्री त्याने दोन्ही पाय टेबलाच्या कडेला लावून जोरात रेटा दिला आणि खुर्ची मागच्या दोन पायांवर गेली. सासरे शेजारीच बसले होते म्हणून हातात आली. त्या दिवसापासून आमचा नियम: खुर्ची एकतर टेबल आणि भिंत दोन्हींपासून हातभर लांब, नाहीतर बाळाच्या पायांना रेटा द्यायला काहीच सापडणार नाही अशी.

बोटांसाठी ट्रेचा सांधा, घडी होणारे पाय आणि उंची बदलायच्या खाचा बघा. बाळाचं बोट आत जाऊन अडकेल अशी फट नको. घडी होणारी खुर्ची असेल तर उघडल्यावर 'खट' असा आवाज येऊन ती लॉक झाली पाहिजे. पाकिटावर ईएन १४९८८ हा युरोपचा किंवा एएसटीएम एफ ४०४ हा अमेरिकेचा क्रमांक दिसला तर ती खुर्ची हाय चेअरसाठी असलेल्या मानकावर बनवल्याचा दावा आहे असं समजा. खेळण्यांवरचा आयएसआय शिक्का वेगळा, तो खुर्चीच्या तोलाबद्दल काही सांगत नाही.

पाचवी पायरी: मुंग्या लागणार नाहीत अशी खुर्ची

नागलीचं सत्त्व वाळलं की सिमेंटसारखं चिकटतं, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. कापडी गादी, शिवणीची भोकं, स्क्रूचे खळगे, पट्टा जिथून आत जातो ती चीर, या सगळ्यांत भाताची शितं जातात आणि दुसऱ्या सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागते. गुळगुळीत, एकसंध बैठक घ्या. गादी असलीच तर काढून धुता येणारी. पट्टे निघतात का बघा, आठवड्यातून एकदा ते कोमट पाण्यात भिजवावे लागतात. ट्रे सिंकमध्ये मावतो का, हे कोणी तपासत नाही. घरातल्या सिंकची रुंदी मोजून न्या.

ट्रेवर मोबाइल उभा करायची खाच असलेल्या खुर्च्याही मिळतात. त्या घेऊ नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आणि बघत बघत गिळलेल्या घासाची चव मुलाला कळत नाही, पोट भरल्याचंही कळत नाही.

सहावी पायरी: आता दुकान

बाळाला बरोबर न्या. झोपेची आणि दुधाची वेळ सांभाळून न्या. मेन रोड आणि शालिमारच्या बाजूला जुनी दुकानं आहेत, कॉलेज रोडला लहान मुलांच्या वस्तूंची नवी दुकानं आहेत, मॉलमध्येही पर्याय दिसतात. शनिवार-रविवार संध्याकाळी मेन रोडला बाळ घेऊन उभं राहणं कठीण, आठवड्यातल्या सकाळी जा. दुकानदार म्हणतील, "ताई, ही सगळ्यांना चालते." हसून सांगा, "आमच्या बाळाला दहा मिनिटं बसवून बघू." मी असं कुठेही सांगितलं तरी एकाही दुकानदाराने नाही म्हटलं नाही. बसवा, पट्टे लावा, ट्रे लावा, हातात एखादं खेळणं द्या आणि बाजूला उभं राहून बघा. पाय शोधाशोध करतात का? बाळ एका बाजूला कलतं का? दहा मिनिटांनी चेहरा सांगतो.

पाळणा, झोपाळा, अभ्यासाचं टेबल आणि जेवणाची खुर्ची असं सगळं एकात असलेली वस्तू बघायला मोह पडतो. तिच्यात सांधे जास्त, म्हणून फटी जास्त, आणि प्रत्येक काम अर्धवट. एकच काम नीट करणारी खुर्ची कमी पैशात मिळते. उरलेल्या पैशांत चांगली स्टीलची वाटी घ्या.

ऑनलाइन घेणार असाल तर खुर्चीची उंची, बैठकीची खोली आणि फूटरेस्टची मापं लिहिलेली आहेत का बघा. नुसती 'सहा महिने ते पाच वर्षं' असं लिहिलेलं पुरत नाही, वजनाची मर्यादा किलोमध्ये हवी. खोकं आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असला पाहिजे. तुटकी वस्तू आली आणि विकणारा दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

जुनी खुर्ची घेण्यात काहीच कमीपणा नाही. जेमतेम दोन-अडीच वर्षं लागणारी वस्तू आहे, आणि मावशी-आत्याच्या माळ्यावर अशी एखादी असतेच. फक्त तीन गोष्टी बघा. पट्टे मूळचे आणि न विरलेले असावेत, दोरी बांधून भागवलेलं नको. प्लॅस्टिकवर, विशेषतः बैठकीखाली आणि पायांच्या सांध्यात, पांढरी चीर नको. आणि लाकडी रंगीत खुर्ची फार जुनी असेल तर नकोच. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची खात्री नाही, आणि बाळ ट्रेची कड चावतंच.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

खुर्चीची जागा ठरवताना बाळाच्या जागी स्वतःचा हात ठेवून चारी बाजूंना फिरवा. हातात पडदा, चार्जरची वायर, मिक्सरचं बटण, टेबलक्लॉथचं टोक येतं का? गॅसच्या ओट्याजवळ आणि फोडणी उडेल तिथे खुर्ची नको. पहिले दोन-तीन दिवस जेवण न देता नुसतंच बसवा, हातात वाटी-चमचा द्या. एका बैठकीला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यानंतर बाळाला उतरवा, ताटात कितीही उरलेलं असो. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "अगं, तीन घास तर खाल्ले तिने." पण खुर्ची कोंडून ठेवायची जागा आहे असं एकदा बाळाला वाटलं की पुढच्या वेळी ते बसवतानाच पाय ताठ करतं.

नाशिकच्या थंडीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत बाळाच्या अंगावर स्वेटर, वर जाकीट असतं, त्यावर पट्टे बेताचे बसतात. फेब्रुवारीत स्वेटर उतरतो आणि पट्टे तेवढेच ढिले राहतात. पट्टा आणि छाती यांमध्ये आपली दोन बोटं जेमतेम जावीत. कपडे बदलतील तसे पट्टे आवळा.

आणि त्याच दिवसांत घराघरात द्राक्षांची पेटी येते. आपल्या शहराचं हे वैभव, पण लहान बाळासाठी अख्खं द्राक्ष फार धोक्याचं. गोल, गुळगुळीत, दाबलं की आकार बदलणारं, ते श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करूनच द्या, अगदी लहान बाळाला साल काढून. शेंगदाणे, फुटाणे, चिवड्यातले दाणे हेही त्याच यादीत, त्यांची पूड किंवा कूट द्या. गाजर कच्चं नको, वाफवून बोटांत चेपेल इतकं मऊ.

बाळ जेवत असताना मोठं माणूस समोर बसलेलं हवं, स्वयंपाकघरातून आवाज देणारं चालत नाही. उबळ येऊन बाळ खोकलं, लाल झालं, आवाज करतंय, तर ते स्वतः घास बाहेर काढतंय, थांबा. आवाज येईनासा झाला, खोकता येत नाही, ओठ निळसर होतात, तेव्हा घास अडकलेला असतो. लगेच बकल उघडा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा द्या. घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबा, आणि हाच क्रम पुन्हा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, घास आणखी आत जातो. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. हे एकदा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून बाहुलीवर करून दाखवून घ्या, आजी-आजोबांनाही बरोबर न्या, कारण दुपारचं जेवण बहुधा त्यांच्याच हातून होतं.

मिसळ खायला किंवा बाहेर जेवायला गेलात तर तिथली हाय चेअर आधी हाताने हलवून बघा. बऱ्याच ठिकाणी पट्टे तुटलेले किंवा हरवलेले असतात. अशा वेळी मांडीवर घेऊन भरवा. आम्ही गाडीत कापडी पट्टा ठेवतो, तो भक्कम खुर्चीच्या पाठीला बांधता येतो.

खुर्ची किती दिवस? पट्ट्यांतून सुटून वर चढायला लागलं, वजनाची मर्यादा ओलांडली किंवा गुडघे ट्रेला लागायला लागले की ती बाजूला करायची. बहुतेक मुलं दोन ते तीन वर्षांच्या मधे तिथे पोचतात. मोठ्यासाठी आम्ही मग ट्रे काढून टाकला, साधी खुर्ची टेबलाशी लावली आणि सुताराकडून पायाखाली चार इंच उंचीचा पाट करून घेतला. तो आता सहा वर्षांचा आहे आणि तो पाट अजून त्याच्या पायाखाली आहे.